नव्या संगीतशिक्षिकेला: कोर्स कोणता घेशील?

विशारद झालीस, पण ४० मुलांचा वर्ग गाता ठेवणं ही वेगळी विद्या. ती शिकवणारा कोर्स आधी घे. मी सुरुवातीला माझ्याच गळ्याच्या काळी एकच्या पट्टीत (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) मुलांना गायला लावायचो. खालचे सूर त्यांना लागायचेच नाहीत. पट्टी मुलांच्या गळ्याप्रमाणे ठरवायची, हे मला एका कार्यशाळेनं शिकवलं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ते नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्रांत घालवू नकोस गो. काही रविवार घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं आपलं गोव्याचं तालवाद्य, वाजवणाऱ्याकडे बस, सुवारी हा त्याचा वादनप्रकार शीक. चवथीच्या आरत्यांत मुलांनी तो ठेका ऐकलेला असतो, ताल तिथूनच शिकव. घुमट मात्र बकऱ्याच्या कातड्याचंच घे; पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, पण घोरपड मारायला कायद्यानं बंदी आहे.