मऊ गाळात व्हेन फिरवताना

अगदी मऊ गाळात व्हेन शिअर चाचणीच घ्या, म्हणजे सळीच्या टोकाचं चार पंखांचं पातं (व्हेन) गाळात खुपसून फिरवायचं आणि गाळाची ताकद मोजायची. गाळ जितका मऊ तितकं पातं मोठं हवं, नाहीतर टॉर्क (पातं फिरवायला लागणारा पीळ) इतका कमी येतो की आकड्यावर भरवसाच ठेवता येत नाही. पातं खाली ढकलताना ते फिरू देऊ नका. मग मिनिटाला साधारण ६ अंश, बस्स! इथे घाई झाली की ताकद खोटीच जास्त दिसते, म्हणून घड्याळ समोर ठेवा.

कमाल आकडा मिळाला की पातं भरभर १० फेरे फिरवून पुन्हा मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की गाळाची संवेदनशीलता, म्हणजे घुसळल्यावर त्याची ताकद किती पट घटते ते कळते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची माहिती. सळीचं घर्षण वेगळं मोजून वजा करा. शिंपले किंवा वाळू लागली तर तो आकडा नोंदवा, पण सरासरीत धरू नका.