फुटबॉल, बीबीसी आणि ब्रिटिश म्युझियम: लेकीला नेमकी कुठली नोकरी हवी आहे?

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र दोनदा वाचले. लेक कायद्याची पदवी घेऊन ब्रिटनमध्ये सार्वजनिक धोरणाचे पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. मध्येच तिने फोनवर सांगितले की, ‘फुटबॉल, माध्यमे आणि सांस्कृतिक क्षेत्रावरच्या सरकारी देखरेखीत’ काम करायचे आहे. तिच्या बाबांना हे छंदाचे प्रकरण वाटते आणि तुम्हाला काळजी, की एवढा खर्च पाण्यात जाईल. असे करिअर खरेच असते का, भारतीय मुलीला तिथे कोण घेईल आणि त्यापेक्षा मुकाट्याने कॉर्पोरेट लॉ का धरू नये, हे तुमचे तीन प्रश्न.

असते. तिने हे तीन विषय एका दमात उच्चारले, त्यालाही कारण आहे. ब्रिटनमध्ये या तिन्हींचे एकच खाते आहे. जॉन मेजर यांच्या सरकारने 1992 मध्ये ‘नॅशनल हेरिटेज’ या नावाने ते काढले, 1997 मध्ये त्याचे ‘संस्कृती, माध्यमे आणि क्रीडा’ झाले, 2017 मध्ये ‘डिजिटल’ जोडले आणि 2023 मध्ये ‘डिजिटल’ पुन्हा वेगळे करून दुसऱ्या खात्याला दिले. म्हणजे समाजमाध्यमांवरचा ऑनलाइन सुरक्षा कायदा हा आता या खात्याचा विषय नाही. मुलाखतीला जाताना मुले हमखास इथे चुकतात.

पण खाते एक असले तरी नोकरी एक नाही. तिला हे आत्ताच कळले तर वर्षभराची वणवण वाचेल. ब्रिटिश पद्धतीत सरकार यातल्या कुठल्याही संस्थेचा कारभार स्वतः हाकत नाही. पैसे द्यायचे, कायदा करायचा, माणसे नेमायची आणि चार हात लांब राहायचे. हे चार हात प्रत्येक क्षेत्रात वेगवेगळे मोजले जातात. या अंतराची राखण करणे, त्यासाठी नियम लिहिणे, परवाने देणे, हिशेब तपासणे हेच तिचे काम असणार आहे.

फुटबॉलपासून सुरू करतो, कारण नवी भरती सध्या तिथे आहे. इंग्लंडमधला बरी हा क्लब 1885 सालचा. एफए कप ही इंग्लंडमधली जुनी स्पर्धा दोनदा जिंकलेला, 1894 पासून इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये. 2018 च्या डिसेंबरमध्ये नव्या मालकाने तो एका पौंडाला घेतला. एका पौंडाला! सोबत देणी आलीच. ती फेडायला पैसा आहे याचा समाधानकारक पुरावा काही लीगला मिळाला नाही आणि ऑगस्ट 2019 मध्ये बरीची हकालपट्टी झाली. गावाच्या मधोमध मैदान, पण सामना नाही. मग एप्रिल 2021 मध्ये सहा बड्या इंग्लिश क्लबांनी युरोपियन सुपर लीग या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेचा घाट घातला. चाहते रस्त्यावर उतरले आणि तीन दिवसांच्या आत सहाही जण मागे फिरले. त्याच वर्षी माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या नेतृत्वाखाली चाहत्यांचा आढावा अहवाल आला, त्यात स्वतंत्र नियामकाची मागणी होती. कायदा व्हायला मात्र जुलै 2025 उजाडला. मध्ये एक सरकार बदलले आणि विधेयक एकदा बारगळले.

या ‘फुटबॉल गव्हर्नन्स अ‍ॅक्ट’खाली पुरुषांच्या वरच्या पाच स्तरांतल्या 116 क्लबांना परवाना लागणार आहे. पैशाचे नियोजन दाखवायचे, मालक आणि संचालक पात्र आहेत हे सिद्ध करायचे, चाहत्यांशी सल्लामसलत करायची. मैदान विकायचे किंवा क्लबचे चिन्ह बदलायचे तर मनाला येईल तसे करता येणार नाही. (कार्डिफ सिटीच्या मालकाने 2012 मध्ये निळा क्लब लाल करून टाकला होता. लोकांनी तो 2015 मध्ये पुन्हा निळा करून घेतला. असल्या प्रकरणांची आठवण या कलमांमागे आहे.) नियम मोडला तर दंड उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंत.

आता अंतराची गंमत बघा. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात नियामकाने मालक तपासताना सरकारच्या परराष्ट्र आणि व्यापार धोरणाचे भान ठेवावे असे एक कलम होते. फिफाला आणि युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाला फुटबॉलमधला सरकारचा किंवा इतर बाहेरचा हस्तक्षेप चालत नाही. भारतीय महासंघावर ऑगस्ट 2022 मध्ये आलेली बंदी तुमच्या लक्षात असेल. सप्टेंबर 2024 मध्ये युएफाने ब्रिटिश सरकारला पत्र लिहून याच हस्तक्षेपाविषयी सावध केले, तेही युरो 2028 स्पर्धा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भरायची असताना. पुढच्या महिन्यात नवे विधेयक आले त्यात ते कलम नव्हते. कुणीतरी टेबलाशी बसून ते उचलले, चार लोकांशी बोलून नवा मसुदा बांधला. तुमच्या लेकीला जे काम हवे आहे ते हेच. त्यात चेंडू कुठेच नाही.

आणि हे अंतर पाळणे मंत्र्यांनाही जड जाते. नियामकाचे अध्यक्ष म्हणून डेव्हिड कोगन यांची निवड करताना मंत्री लिसा नँडी यांनी मजूर पक्षाच्या 2020 मधल्या आपल्या नेतृत्व-निवडणुकीसाठी त्यांच्याकडून मिळालेली देणगी आधी उघड केली नव्हती. रक्कम 2,900 पौंड, फुटबॉलच्या हिशेबात चणेफुटाणे. तरी सार्वजनिक नियुक्त्यांच्या आयुक्तांनी 2025 मध्ये नियमभंगाचा ठपका ठेवला आणि मंत्र्यांना माफी मागावी लागली. हा अहवाल तिला जरूर वाचायला सांगा. काय कुठे लिहून ठेवावे लागते ते त्यातून कळेल.

माध्यमांत चित्र वेगळे. रेडिओ-टीव्हीवर ऑफकॉम ही संस्था 2003 पासून नजर ठेवते आणि 2017 पासून बीबीसीही तिच्या कक्षेत आली. छापील वृत्तपत्रांवर मात्र सरकारी नियामक नाही. वृत्तपत्रांच्या फोन-हॅकिंग प्रकरणानंतरच्या लेव्हसन चौकशीचा अहवाल 2012 मध्ये आला, वृत्तपत्रांच्या नियमनासाठी रॉयल चार्टर म्हणजे राजाच्या नावाने दिलेली सनदही झाली, पण बहुतेक मोठी वृत्तपत्रे स्वतःच्या ‘इप्सो’ या संस्थेत गेली, ‘गार्डियन’ आणि ‘फायनान्शियल टाइम्स’ तर तिच्यातही नाहीत. सरकार तिथे शिरते ते मालकीच्या दारातून. ‘टेलिग्राफ’ परदेशी सरकारी पैशाच्या हाती जाण्याची वेळ आली, तेव्हा 2024 मध्ये कायदाच बदलला. बीबीसीची सनद 31 डिसेंबर 2027 ला संपते, म्हणून निदान तोवर खात्यात, ऑफकॉममध्ये, खुद्द बीबीसीत आणि बाहेरच्या सल्लागार संस्थांमध्ये या विषयाचे काम राहणार. तिची पदवी हाती येण्याचा काळही तोच आहे. फुटबॉलपेक्षा मला हा रस्ता तिच्यासाठी जास्त बरा वाटतो. कायद्याची पार्श्वभूमी इथे थेट उपयोगी पडते.

सांस्कृतिक क्षेत्रात जागा कमी, पगारही बेताचे, तेव्हा थोडक्यात सांगतो. आर्ट्स कौन्सिल 1946 ची. तिची कल्पना रुजवणारे अर्थतज्ज्ञ केन्स सनद हाती पडण्याआधीच वारले. राष्ट्रीय संग्रहालयांना खाते पैसे देते, निर्णय विश्वस्त घेतात. ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांचे हात तर 1963 च्या कायद्याने बांधलेले आहेत, म्हणून ग्रीस परत मागत असलेल्या पार्थेनॉनच्या शिल्पांवरचा वाद मिटत नाही. कायद्याच्या विद्यार्थिनीला खरे गोड वाटावे असे एक टेबल इथे आहे: कलावस्तूंच्या निर्यात परवान्याचे. एखादे चित्र देशाबाहेर चालले तर 1952 पासूनच्या तीन निकषांवर ते तपासतात आणि गरज पडल्यास परवाना थांबवून देशातल्या गिऱ्हाइकाला पैसे जमवायला मुदत देतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. भारताचे नागरिक राष्ट्रकुलातले असल्याने ब्रिटिश नागरी सेवेत केवळ ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव नसलेल्या पदांना अर्ज करू शकतात. मात्र अर्ज करण्याचा हक्क आणि नोकरी करण्याचा व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या 2 वर्षांचा आहे. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो 18 महिन्यांचाच मिळेल. पुढे कंपनीने पुरस्कृत करायच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी 2025 च्या नियमाप्रमाणे साधारण पगाराची अट 41,700 पौंड आहे, नवोदितांना 33,400. संस्कृती क्षेत्रातल्या सुरुवातीच्या जागा इथेच गळतात. पुरस्कृत करू शकणाऱ्या संस्थांची यादी सरकार जाहीर ठेवते. तिने आवडत्या संस्थेचे नाव आधी त्या यादीत शोधावे, मग अर्जावर रात्र जागवावी.

म्हणून माझे मत असे, की पहिली नोकरी तिने टेबलाच्या पलीकडे शोधावी. परवाना देणाऱ्यापेक्षा परवाना मागणाऱ्यांची संख्या जास्त असते. 116 क्लबांना, प्रसारकांना, त्यांच्या वकिलांना आणि हिशेबनिसांना हे नवे नियम समजावणारी माणसे लागणार आहेत, आणि व्हिसा पुरस्कृत करण्याची ऐपतही बहुधा त्याच मोठ्या वकिली आणि लेखापरीक्षण कंपन्यांची असते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आले. कॉर्पोरेट लॉ आणि हे स्वप्न यांच्यात सवतीमत्सर नाही. अशा कंपनीच्या नियमन विभागात तीन वर्षे काढून ती नियामकाकडे गेली तर तिला क्लब कुठे लपवाछपवी करतात ते ठाऊक असेल. नियामकांना अशीच माणसे हवी असतात.

तिच्यात एक उणीव मात्र तुमच्या पत्रावरून दिसते. तिला ताळेबंद वाचता येत नाही आणि ‘आकड्यांचा कंटाळा म्हणून लॉ घेतला’ असे ती म्हणते. या धंद्यात ते चालायचे नाही. बरीचे दुखणे मैदानावर नव्हते, खातेवहीत होते.

तेव्हा तिला एक काम देतो. ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयात कुठल्याही क्लबचे हिशेब फुकट बघायला मिळतात. तिसऱ्या किंवा चौथ्या स्तरावरचा एक क्लब निवडावा, आवडता नको. त्याचे तीन वर्षांचे हिशेब काढावेत. उत्पन्नातला किती वाटा खेळाडूंच्या पगारात जातो, मालकाने दिलेले पैसे भांडवल आहेत की कर्ज, मैदान क्लबच्या नावावर आहे की मालकाच्या दुसऱ्याच कंपनीच्या, एवढे शोधावे. मग दोन पानांत लिहावे: मी नियामक असते तर या क्लबला परवाना दिला असता का, आणि कोणत्या अटीवर? पाठोपाठ संसदेच्या संस्कृती, माध्यमे आणि क्रीडा समितीची एक सुनावणी पूर्ण ऐकावी आणि आपल्या दोन पानांतला कुठला प्रश्न तिथे विचारता आला असता ते समासात टिपावे.

हे करताना तिला कंटाळा आला तर नोकरी बदलायची गरज नाही, स्वप्न तेवढे बदलावे लागेल, आणि ते पदवीच्या आधी कळलेले स्वस्त पडते. कंटाळा आला नाही तर ती दोन पाने अर्जासोबत जोडावीत. तिच्या बाबांनाही वाचायला द्या. पगाराच्या ओळीपाशी ते थांबतील, तिथे त्यांना काय प्रश्न पडतो तो मला कळवा.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक