नवी तार, नवी झरझर

प्रश्न : दादा, माझ्याकडे स्ट्रॅट टाइपची इलेक्ट्रिक गिटार आहे, ट्रेमोलोवाली (दांडा दाबून सूर हलवता येतो ती). आधी तारांचा 10 चा सेट होता (सगळ्यात बारीक तार 0.010 इंच), बोटं दुखायची म्हणून मागच्या महिन्यात 9 चा टाकला आणि तेव्हापासून जाड तारा पहिल्या चार-पाच फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) नुसत्या झरझर करतात. मोकळी तार स्वच्छ वाजते. आजोबा म्हणतात, ‘जवारी झकास लागलीय की रे!’ दुकानात दाखवली तर म्हणाले फ्रेट घासावे लागतील. घासून घेऊ का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नको रे बाबा. निदान आत्ता तरी नको. घासलेला फ्रेट परत वाढत नाही, स्क्रू मात्र उलटा फिरवता येतो.

आजोबांचा कान तयार आहे बरं का. मिरज तुमच्या शेजारीच, तिथं सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढायला कारागीर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासत बसतात, वाजवणारा नंतर तारेखाली दोरा सरकवतो, सगळं कशासाठी तर तार घोडीला हलकेच चाटत राहावी आणि स्वराला ती झणझण यावी. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय टॅगपण मिळाला.) तुझी तारही चाटतेय, फक्त घोडीऐवजी फ्रेटला.

आता मूळ दुखणं. स्ट्रॅटच्या लांबीवर 10-46 चा सेट सुरात लावला की सहा तारा मिळून साधारण 46 किलोनं ओढतात, 9-42 चा सेट 38 किलोच्या आसपास. नेकच्या (मानेच्या) आतला ट्रस रॉड, म्हणजे धातूची सळई, विरुद्ध बाजूनं ओढत असतो. म्हणजे रस्सीखेच चालली होती आणि एका बाजूची आठ किलोची माणसं तू सोडून दिलीस, मग नेक मागं जाणारच. तारेला हलायला नेकमध्ये थोडी पुढची वाक लागते, ती गेली की पहिले फ्रेट बोलायला लागतात. मोकळी तार स्वच्छ आहे ना, मग नटची (डोक्याकडं तारा टेकतात त्या पट्टीची) खाच ठीक आहे, तिला हात लावू नको.

आणि ट्रेमोलो असल्यामुळं दुसरी भानगडपण आहे. मागच्या स्प्रिंगा जुन्या 10 च्या सेटला जुळवलेल्या, आता तारा सैल पडल्या म्हणून त्या ब्रिजला (बॉडीवर तारा अडकतात त्या भागाला) मागं-खाली खेचतात आणि अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आपोआप बसते. म्हणून सुरुवात तिथून कर. मागचं झाकण काढ, स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा आटा सैल कर, परत सुरात लाव, ब्रिज पूर्वीसारखा बसला का बघ, नाहीतर परत अर्धा आटा. कंटाळवाणं काम आहे, दर वेळी सगळ्या तारा सुरात लावाव्या लागतात, पण इलाज नाही.

मग नेक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, जिथं नेक बॉडीला मिळते तिथं जाड तार दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे बघ. साधारण 0.25 मिमी हवी. मोजायला गॅरेजवाल्याकडचा फिलर गेज माग, टॅपेट सेटिंगला वापरतात तोच, त्यात 0.25 चं पातं असतं (मीपण सुरुवातीला तसाच मागून आणायचो, गॅरेजवाल्याला वाटायचं याच्याकडं बुलेट आहे). फटच नसेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या उलट पाव आटा सैल कर, सुरात लाव, तासभर ठेव, परत मोज. एलन की बरोब्बर मापाची हवी, ढिली घातलीस तर रॉडच्या नटच्या कडा झिजतात आणि मग खरा खर्च. फिरतच नसेल तर जोर लावू नको, जाणत्याकडं ने.

एवढं झालं की शेवटी अ‍ॅक्शन. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 2 मिमी, बारीक तारेखाली दीडच्या आसपास ठेव.

तरी एकाच फ्रेटवर झरझर राहिली तर एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर उभी धर, ते मधल्या फ्रेटवर झुल्यासारखं डुगडुगलं तर तो फ्रेट उंच आहे, आणि तेव्हाच दुकानदाराचं म्हणणं बरोबर, तेही त्या एकाच फ्रेटपुरतं. आणि हो, अँपला लावून ऐकलंस का? रात्री हॉलमध्ये नुसती वाजवताना झरझर ऐकू येते आणि स्पीकरमधून काहीच नाही, असंही बऱ्याचदा असतं. तसं असेल आणि हाताला बरं वाटत असेल तर मी तरी तशीच वाजवेन.

प्रश्न : मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर, पण वरच्या फ्रेटवर कॉर्ड धरला की बेसूर. गिटार वाया गेली का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वाया कशाला जाईल. आधी तारा बदल, गंजलेल्या तारेचा सूर कधीच नीट लागत नाही. मग बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून येणारा स्वर) आणि तिथंच दाबून येणारा स्वर ट्यूनरवर ताडून बघ. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागं, उतरलेला असेल तर नेककडं. सॅडल हलवलं की तारेचा सूर बदलतो, म्हणून परत लावूनच पुढचं मोजायचं. आणि जोरात दाबू नको, बऱ्याच जणांचा स्वर सॅडलमुळं नाही, अंगठ्याच्या ताकदीमुळं चढतो.