प्ले थेरपीची उमेदवारी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी मानसशास्त्रात बी.ए. केलं असून बालवाडीत शिकवते. एक समुपदेशन केंद्र म्हणतंय, सहा महिने आमच्या हाताखाली काम करा, प्ले थेरपिस्टचं, म्हणजे खेळातून मुलांवर मानसोपचार करणाऱ्याचं, प्रमाणपत्र देऊ. पुढे स्वतःचं काम सुरू करता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: त्या कागदाच्या जोरावर करू नका. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नोंदणीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, विशेष शिक्षक आहेत. प्ले थेरपिस्ट असा वेगळा गट नाही. त्यामुळे पाटी कुणीही लावतं. आधी समुपदेशन किंवा क्लिनिकल विषय घेऊन एम.ए. करा, उमेदवारी त्याच्या जोडीने चालू द्या.

केंद्राला विचारायचं ते एवढंच: मुलांसोबत प्रत्यक्ष किती तास मिळतील आणि त्यावर देखरेख कोण, किती तास करणार? मापासाठी अमेरिकेतल्या असोसिएशन फॉर प्ले थेरपीचे आकडे पाहा. मानसिक आरोग्य क्षेत्राचा परवाना असलेल्यालाच तिथे नोंदणी मिळते. त्यासाठी १५० तास प्रशिक्षण, मुलांसोबत ३५० तास काम आणि ३५ तास सुपरव्हिजन लागतं. म्हणजे दर दहा तासांमागे एक तास कुणीतरी तुमचं काम तपासतं. खेळणी मांडणं-आवरणं आणि फायली भरणं एवढंच वाट्याला येणार असेल, तर ती उमेदवारी नव्हे, बिनपगारी मदतनिशी.

प्रश्न: सेशनच्या रेकॉर्डिंगवर सुपरव्हायझर दर वेळी तेच लिहितात: ‘शाबासकी कमी करा, प्रश्न कमी करा.’ मग बोलायचं काय?

उत्तर: शिक्षकांना ही सवय सोडणं सगळ्यात जड जातं. मुलाने घर काढलं आणि तुम्ही ‘वा, छान!’ म्हणालात, की पुढचं चित्र तो तुमच्यासाठी काढतो. ‘कोणाचं घर आहे हे?’ विचारलं, की तो खेळ सोडून उत्तर शोधू लागतो. त्याऐवजी दिसतं तेच म्हणा: ‘छपराला लाल रंग दिलास. दार नाही ठेवलंस.’ आणि थांबा. मात्र प्रत्येक हालचालीवर बोलत राहिलात तर क्रिकेटची कॉमेंट्री होते. मुलं वैतागून ‘गप्प बस ना’ म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

तो तुमच्यावर वाळू फेकायला निघाला तर आधी भावना, मग मर्यादा, मग पर्याय, याच क्रमाने: ‘तुला माझा राग आलाय. माणसांवर वाळू फेकायची नाही. त्या बादलीत जोरात फेकू शकतोस.’ नवखे उमेदवार मधलंच वाक्य तेवढं बोलतात, तेही आवाज चढवून. सेशन संपायला पाच मिनिटं उरली की सांगायचं. अचानक उठवलं की रडारड ठरलेली.

प्रश्न: खेळता खेळता मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर गुप्तता पाळायची का?

उत्तर: नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सुपरव्हायझरला त्याच दिवशी सांगा, पण तेवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही. मुलाची उलटतपासणी घेऊ नका, त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा.

प्रश्न: सँड ट्रे (मूल ज्यात छोट्या मूर्ती मांडून खेळतं तो वाळूचा ट्रे) विकत घ्यावा की करून घ्यावा?

उत्तर: सुताराकडून करून घ्या. आतलं माप साधारण ७२ × ५० सेंटिमीटर, खोली ७. मुलाला मान न वळवता सगळा पट दिसतो. आतून निळा रंग द्या, वाळू बाजूला सारली की पाणी दिसतं. निम्मा भरायला वीसेक किलो वाळू लागते. ती चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवा. ओलसर राहिली तर वास येतो. मूर्तींसाठी दिवाळीच्या सुमारास बाजार फिरा: किल्ल्यावरचे मावळे, तोफा, बैलगाडी, विहीर, दळणारी बाई, सगळं स्वस्तात मिळतं. फक्त रंग उडणारे घेऊ नका. वाघ, साप, राक्षस हवेतच. गोड-गोड बाहुल्याच ठेवल्या तर रागाला जागा उरत नाही.

मांडलेला पट मुलासमोर मोडायचा नाही. तो गेल्यावर फोटो काढा, मग आवरा.