कोविड वॉर्डातली भेटबंदी: नियम काय होता आणि काय नव्हता

ताई, एप्रिल 2021 मध्ये आईला दाखल केलं, स्ट्रेचर दारातून आत गेलं आणि त्यानंतर घरच्या कुणालाच भेटू दिलं नाही. फोनवर 'स्टेबल आहे' एवढंच कळत राहिलं आणि शेवटी चेहराही दाखवला नाही. 'सरकारचा नियम आहे' असं तुम्हाला सांगितलं गेलं. असा नियम खरंच होता का, हे तुम्ही विचारलंय. मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर होते, कोविड वॉर्डातही काम केलंय, म्हणून जे पक्कं ठाऊक आहे ते सांगते.

भेट बंद ठेवणं पहिल्या लाटेत बरोबर होतं, असं मी आजही म्हणेन. मार्च-एप्रिल 2020 मध्ये पीपीई किट आम्हालाच पुरत नव्हते. किट एकदा चढवलं की ते उतरेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. नातेवाइकाला ते घालायला आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हात कुठेही न लागता उतरवायला शिकवायला माणूसच मोकळा नव्हता. आणि तो परत जाणार कुठे, तर चाळीतल्या एका खोलीत, सहा जणांमध्ये.

पण आपल्याकडे नातेवाईक नुसता 'भेटायला' येत नसतो, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. पालिकेच्या किंवा सिव्हिलच्या वॉर्डात पेशंटला भरवणं, कुशीवर वळवणं, रिपोर्ट आणणं, सलाइन संपत आली की सिस्टरला हाक मारणं, हे सगळं घरचं माणूस करतं. दार बंद झालं आणि हे काम कुणाच्याच वाट्याला राहिलं नाही. ऑक्सिजनच्या मास्कवर असलेल्या आजीला जेवायला घालायचं म्हणजे मास्क बाजूला करायचा, दोन घास द्यायचे, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, उतरायला लागलं की पुन्हा मास्क, थोडं थांबायचं, मग पुढचे दोन घास. अर्धा तास सहज जातो. अख्खा वॉर्ड एका-दोघींवर असताना तो अर्धा तास काढायचा कुठून? ताटं तशीच परत जायची. त्यात कुणाची कवळी घरी राहिलेली, कुणाचा चष्मा ॲम्ब्युलन्समध्ये. कमी ऐकू येणाऱ्यांना तर किटमधल्या माणसाचे ओठही दिसत नाहीत. अशी म्हातारी माणसं रात्री भांबावायची, कुठे आहोत तेच कळेनासं व्हायचं आणि मास्क ओढून काढायची. शेजारी ओळखीचं माणूस असतं तर त्यातली कितीतरी शांत झोपली असती.

आता नियमाचं. 14 मार्च 2020 ला राज्याने कोविडची नियमावली काढली ती 1897 च्या साथरोग कायद्याखाली. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा, प्लेगच्या वेळचा. त्यात नातेवाइकांच्या भेटीबद्दल अवाक्षर नाही. भेट द्यायची की नाही, हे ठरत होतं ते प्रशासनाच्या सूचनांवर आणि त्या त्या रुग्णालयाच्या निर्णयावर.

चेहऱ्याबद्दल मात्र लेखी सूचना होती, आणि ती तुमच्या बाजूची होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च 2020 च्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की, कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन मृतदेहाच्या बॅगेची चेन चेहऱ्याकडून उघडून नातेवाइकांना अखेरचं दर्शन घेऊ द्यायला हरकत नाही. स्पर्श न करता मंत्र म्हणायला, पाणी शिंपडायलाही परवानगी होती. अंघोळ घालणं, चुंबन घेणं, मिठी मारणं मना होतं. अस्थींपासून धोका नाही, हेही त्यात होतं. म्हणजे तुम्हाला नियमाने अडवलं नाही, ताई. नियमाचं नाव सांगून अडवलं.

मोबाइलचंही तसंच. जुलै 2020 च्या अखेरीस आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र पाठवलं होतं की, पेशंटला घरच्यांशी बोलता यावं म्हणून वॉर्डात स्मार्टफोन आणि टॅब्लेट वापरू द्यावेत. तुमच्या आईच्या वेळेपर्यंत त्या पत्राला आठ-नऊ महिने झाले होते. 16 जानेवारी 2021 पासून आम्हाला लस मिळू लागली, किटही मुबलक होते. नुकताच कोविडमधून उठलेला किंवा लस घेतलेला एक नातेवाईक, किट घालून, दिवसातून पंधरा मिनिटं, निदान शेवटच्या घटका मोजणाऱ्या पेशंटजवळ सोडता आला असता, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या लाटेत मनुष्यबळ कोलमडलं होतं, हे मी नाकारत नाही. पण भेटीवर बंदी होती, माहितीवर नव्हती. रोज ठरलेल्या वेळी एक फोन, त्यात ऑक्सिजन किती लिटरवर आहे, काल किती होता, जेवल्या का, ओळखतात का, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. 'स्टेबल' म्हणजे माहिती नव्हे.

पुन्हा कधी कुणाला असं बंद वॉर्डात ठेवायची वेळ आली, तर दारातच एका नातेवाइकाचं नाव आणि नंबर केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. दहा जणांनी दहा वेळा फोन केले की कुणालाच धड उत्तर मिळत नाही. साधा फोन, चार्जर, चष्मा, कवळीची डबी, कानाचं मशीन, सगळ्यावर नाव लिहून सोबत द्या. कवळी कागदात गुंडाळून देऊ नका, ती कचऱ्यात जाते. आणि पेशंटला घरी काय म्हणून हाक मारतात, तेही केसपेपरवर लिहायला सांगा. 'पेशंट' म्हटल्यावर डोळे न उघडणारी आजी 'माई' म्हटल्यावर उघडते, हे मी पाहिलंय.

शेवटच्या दिवसांत आईचं नेमकं काय झालं, हे तुम्हाला अजून कळलेलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि तुमचं ओळखपत्र जोडून रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज करा, पोच घ्या. कागद किमान तीन वर्षं ठेवण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. ती मुदत उलटली असली तरी सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ते पुष्कळदा सापडतात, आणि तिथे माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. नुसतं डिस्चार्ज किंवा डेथ समरी घेऊन परत येऊ नका. नर्सिंग नोट्स आणि टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा तक्ता) नाव घेऊन मागा. तापमान, ऑक्सिजन, काय खाल्लं, रात्र कशी गेली, कुणी कधी पाहिलं, या नोंदी तिथेच असतात. अक्षर लागलं नाही तर प्रती मला पाठवा, मी वाचून देईन.