जुना टीव्ही गेम: लाल दिवा लागतो पण चित्र येत नाही. दुरुस्त करावा की टाकून द्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या जुन्या घराच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातला कॅसेटवाला टीव्ही गेम सापडला. लाल दिवा लागतो, पण पडदा राखाडीच राहतो. कॅसेटमध्ये फुंकर मारली की कधीतरी चालतो. दुरुस्त करावा की ऑनलाइन मिळतो तसला नवा घ्यावा, आणि चालला तर आधी काय खेळावं?

टाकू नका. नवाही घेऊ नका. एवढं सांगून थांबलो असतो, पण तुम्ही ती फुंकर काढलीत, म्हणून बसून लिहितोय.

फुंकरीनं कॅसेट चालत नाही. चालते ती काढून परत घातल्यानं. पिना घासल्या जातात, बसायची जागा केसभर बदलते आणि संपर्क जुळतो. फुंकरीचं काम एकच, तोंडातली ओल पिनांवर नेऊन ठेवायची. आपल्याकडच्या स्वस्त कॅसेटींवर मुलामा नावालाच असतो. त्याखालचं तांबं ओलीनं काळं पडतं आणि पुढच्या खेपेला दोन फुंकरा लागतात. मूळ मशीन बनवणाऱ्या खुद्द निन्टेंडोनं लोकांना फुंकू नका असं सांगितलं होतं, तरी आपली तीन पिढ्यांची फुफ्फुसं त्यातच गेली.

आता मशीन. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर, नाव काहीही असो, आतला वंश एकच: १९८३ साली जपानात आलेला निन्टेंडोचा फॅमिकॉम आणि त्याची ६० पिनांची कॅसेट. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ ७२ पिनांच्या अमेरिकन मशीनचे आहेत. दिवा सेकंदा-सेकंदाला लुकलुकतो, नकली कॅसेट अडवणाऱ्या कुलपाच्या चिपेची चौथी पिन कापा, कनेक्टर पाण्यात उकळा, हे सगळं तिकडचं. तुमच्या मशीनमध्ये ती कुलपाची चीपच नाही. कनेक्टर उकळायला घेतलात तर चहाचं पातेलं तेवढं वाया जाईल.

तुमच्यासारखंच एक मशीन सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरातून माझ्या टेबलावर आलं होतं. घरात यंत्रमाग. स्क्रू काढून झाकण उचललं तर कॅसेटच्या खाचेत सुताची तूस नमद्यासारखी बसलेली. ती चिमट्यानं काढली, मऊ ब्रश फिरवला, तरी पडदा राखाडी. लक्षण तुमचंच, दिवा मात्र ठणठणीत लाल.

त्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. एलईडीला दोन व्होल्ट पुरतात, आतल्या चिपांना पाच लागतात. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून त्या मशीनचा ॲडॉप्टर मोकळा, म्हणजे मशीनला न जोडता, मोजला तर १२.८ व्होल्ट. छापलेले ९, पण जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲडॉप्टरचं मोकळं माप असंच वर दाखवतं, त्यात दोष काही नाही. खरं माप मशीन चालू ठेवून घ्यायचं. ते घेतलं तर ७८०५ या पाच व्होल्ट काढून देणाऱ्या आयसीच्या तोंडाशी ६.१ आणि बाहेर ४.३. या आयसीला पाच द्यायला आत साधारण सात तरी लागतात. बाहेरचं माप ४.७५ च्या खाली उतरलं की चिपा काय करतील याचा भरवसा नाही. म्हणजे कॅसेटला तीस वर्षं उगाच शिव्या बसत होत्या. (माप असं घ्या: आयसीची अक्षरं आपल्याकडे करून डावा पाय आत येणारा, मधला ग्राउंड, उजवा बाहेर जाणारा. मीटरची काळी काडी मधल्यावर.)

कारण ॲडॉप्टरच्या पोटात होतं. तिथं असतं काय, तर ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि वीज साठवून सपाट करणारा एक कंडेन्सर. तो कंडेन्सर वाळला होता. मशीनच्या बोर्डावरचा १००० मायक्रोफॅरडचा जोडीदारही डोक्यावर फुगलेला. बोर्डावर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंश उष्णता सोसणारा नवा टाकला. ८५ अंशाचा स्वस्त मिळतो, तो सोलापुरात घेऊ नका. पट्टीची बाजू म्हणजे ऋण, ती जुन्याच्या पट्टीकडेच आली पाहिजे. जुना ॲडॉप्टर भंगारात दिला आणि राउटरला लागतो तसला ९ व्होल्ट १ अँपिअरचा नवा लावला. बाहेर ५.०२.

इथं जुनं भांडण येतं. माझा एक मित्र, रेडिओ-टीव्हीत हात चांगला बसलेला, हेच मशीन आधी बघून गेला होता. त्याचा इलाज एका वाक्याचा: "नऊनं भागत नाही ना, बारा लाव." बारा लावला आणि चित्र आलं! वीस मिनिटांनी गेलं. "चीप गेली, टाक," असा निकाल देऊन तो मोकळा. चीप गेलेली नव्हती. बारा लावल्यानं वाळक्या कंडेन्सरचा खड्डा वरच्या वर भरून निघाला, म्हणून चित्र आलं. मग गेलं का, तर हिशेब साधा आहे. ७८०५ जादाचे व्होल्ट जाळून टाकतो. मशीन ३०० मिलिअँपिअर घेतं असं धरा. ९ व्होल्टला चार व्होल्ट जळतात, म्हणजे १.२ वॅट उष्णता. १२ ला सात, म्हणजे २.१ वॅट. उघड्या, म्हणजे गार करणारी पट्टी न लावलेल्या, आयसीच्या पोटातली चकती दर वॅटमागे ६५ अंशांच्या आसपास तापते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ वर. त्यात ९ व्होल्टला ७८ मिळवले की १२०, म्हणजे कसंबसं निभावतं. १२ ला १३६ मिळवले की पावणेदोनशे, आणि १५० च्या पुढे हा आयसी स्वतःला वाचवायला स्वतःच आवळून घेतो. गार झाला की परत चालतो. "थोडा वेळ बंद ठेवला की चालतो" असं ज्यांच्या मशीनबद्दल ऐकता, त्यातल्या पुष्कळांना एवढाच आजार असतो. आयसीच्या पाठीवर ॲल्युमिनियमची पट्टी असते. तिचा स्क्रू ढिला आहे का बघा, मधे थर्मल पेस्टचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लावून आवळा. निम्म्या तक्रारी तिथंच संपतात.

पडद्यावर दोन आडवे काळपट पट्टे हळूहळू वर किंवा खाली सरकताना दिसले तर वेगळं निदान करत बसू नका, तोच कंडेन्सर. वीज ५० हर्ट्झची, चार डायोडांतून ती १०० होते आणि टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा येतं, म्हणून पट्टे बरोबर दोन.

व्होल्ट नीट आहेत आणि तरी चित्र नाही, तर मग कॅसेट. कॅसेट उघडा. पिनांवर पांढरा मऊ खोडरबर एकाच दिशेनं फिरवा, भुगा झटका, मग मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा. काडी काळी निघायची थांबेपर्यंत. पाच मिनिटं वाळू द्या. पॉलिश पेपर नको, पेट्रोल नको, थिनर तर नकोच. खाचेसाठी जुनं बँक कार्ड घ्या, त्यावर झिरझिरीत सुती कापड एकपदरी गुंडाळा, आयसोप्रोपिलनं ओलसर करा आणि दहा-बारा वेळा सरळ आत-बाहेर. तिरपं घातलंत की पिन वाकते, आणि वाकलेली पिन सुईनं उभी करणं हे रात्रीचं काम नव्हे.

चित्र कसं बिघडलंय ते बघितलं तर कुठली पिन घाण आहे तेही कळतं. ६० पिनांच्या खाचेचा एक अर्धा भाग मुख्य चिपेकडे जातो, दुसरा चित्राच्या चिपेकडे. गेम चालू आहे, आवाज येतोय, पण मारिओच्या जागी अक्षरांचा कचरा दिसतोय, तर चित्राच्या बाजूच्या पिना परत पुसा. नुसताच एकरंगी पडदा असेल तर दुसरी बाजू. चित्र स्वच्छ आणि आवाज गायब असेल तर स्पीकर उघडत बसू नका. फॅमिकॉमच्या रचनेत आवाज ४५ नंबरच्या पिनेतून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ मधून परत येतो. त्या दोन पिना घाण असल्या की मारिओ मुका. सगळ्या नकली बोर्डांवर ही वाट ठेवलेली नाही, पण बघायला काय जातंय.

रिमोटचं बटण जोरात दाबावं लागत असेल तर उघडून रबराखालचा काळा कार्बन आयसोप्रोपिलनं पुसा. शेंगाचटणीचं तेल तिथपर्यंत पोचतं, हे रिमोट उघडल्यावर वासावरून कळतं. बटणं कधी चालतात, कधी नाही, असं असेल तर वायर रिमोटमध्ये शिरते तिथं आतून तुटलेली असते. पाच सेंटिमीटर कापून परत झाळा. पण आधी पाची वायरींचे रंग कागदावर लिहा किंवा फोटो काढा, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. आणि सेगा या दुसऱ्या गेम-कंपनीचा रिमोट बसतोय म्हणून लावू नका. खोबणी ९ पिनांचीच, पण आतली जोडणी वेगळी.

टीव्हीबद्दल फार बोलत नाही. शक्यतो एव्हीची पिवळी वायर वापरा, अँटेनाची नको. नव्या टीव्हीला एव्हीसाठी हेडफोनसारखं भोक असेल तर त्याच टीव्हीच्या कंपनीची वायर घ्या, कड्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. चित्र काळं-पांढरं आलं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये पॅल आणि एनटीएससी या दोन्ही चित्रपद्धती करून बघा. "सिग्नल नाही" असंच म्हणत राहिला तर दोष गेमचा नाही. या मशीनचा सिग्नल नव्या टीव्हीच्या पुस्तकात बसत नाही. कुणाकडे तरी डब्बा टीव्ही असतोच, तो मागून आणा.

खेळायचं म्हणाल तर कॉन्ट्रा, दोघं मिळून. सुपर मारिओ १९८५ चा आहे, अजून त्याला तोड नाही. ९९९९ गेमच्या कॅसेटीत खरे गेम मोजकेच, बाकी तेच नाव बदलून किंवा तिसऱ्या लेव्हलपासून सुरू केलेले. फोनवर मारिओ खेळून बघितला असेल तर तो तुम्हाला घाईत वाटला असेल. वय झालं म्हणून नाही. आपली पॅल मशीनं सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रं काढायची, त्यामुळं गेम आणि गाणं दोन्ही एक षष्ठांश मंद. बंदुकीनं बदकं मारायचा गेम एलईडी टीव्हीवर लागणार नाही, बंदूक उघडू नका. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदूक तो उजेड त्याच क्षणी शोधते. नवा टीव्ही तो उशिरा दाखवतो, शिवाय डब्बा टीव्हीच्या उजेडाचा थरकापही त्यात नसतो.

हे आधी सांगायला हवं होतं: नवा ॲडॉप्टर लावण्यापूर्वी ध्रुव तपासा. राउटरच्या ॲडॉप्टरला मधे धन असतं. मूळ फॅमिकॉमला मधे ऋण लागायचं आणि नकली मशीनं दोन्ही प्रकारची निघाली. पेटीवरची खूण बघा. पुसली असेल तर बोर्डावरच्या मोठ्या कंडेन्सरची पट्टीची बाजू जॅकच्या कुठल्या टोकाला जोडली आहे ते मीटरच्या बीपवर बघा, तेच ऋण. उलटं लावलंत आणि आत डायोड नसला तर धूर. बाहेरून आणलेल्या अमेरिकन मशीनचा ॲडॉप्टर एसी देतो, तो याला चुकूनही नको. खऱ्या निन्टेंडोच्या कॅसेटीवर मागं अल्कोहोल वापरू नका असं छापलेलं असतं. मी तरी वापरतो, पण स्टिकरला लागू देत नाही. आणि डब्बा टीव्ही स्वतः उघडू नका, आत बंद असतानाही हजारो व्होल्ट साठलेले असतात.

मित्र हे वाचेलच. त्याचं म्हणणं अजून तेच, फुंकरीत काहीतरी आहे. तर त्यानं असं करावं: तीच कॅसेट दहा वेळा फुंकून घालायची, दहा वेळा नुसती काढून घालायची, चालली की नाही ते वहीत लिहायचं. वही घेऊन ये, चहा माझ्याकडून. बाराचा ॲडॉप्टर मात्र घरीच ठेव.