चालता येत नाही, मग वजन कमी होणार कसं?

"मॅडम, ह्याला चालताच येत नाही, मग वजन कमी होणार कसं?" व्हीलचेअरवरच्या पोरांचे आईवडील हे हमखास विचारतात. सोलापुरातल्या पूर्व भागातली एक आई आली होती तिचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. पोरगा 22 चा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे अगदी लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालीवर ताबा राहत नाही ते, पाय कडक, डोकं एकदम तल्लख. आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात. अर्धा तास आईच बोलत होती आणि हा शेजारी मोबाईल बघत होता, म्हणजे बघायचं नाटक करत होता.

मी त्यालाच विचारलं, तुझं काय म्हणणंय रे? तर म्हणाला, "बाबांची कंबर गेलीय, मला उचलून संडासला न्यायला लागतं ना, म्हणून ते कामावरनं येईपर्यंत मी पाणीच पीत नाही." आई गप्पच झाली. सोलापूरचा उन्हाळा आणि पोरगा दिवसभर कोरडा! पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ, ही तक्रार आईनं आधीच सांगितली होती.

आता वजन किती ते तरी कळायला पाहिजे ना, उभं राहता येत नाही म्हणून चार वर्षं कुणी केलंच नव्हतं. शेवटी भुसार दुकानातल्या मोठ्या काट्यावर खुर्चीसकट चढवला, 94, मग नुसती खुर्ची 18, म्हणजे पोरगा 76 किलो. "ज्वारीचं पोतं झालो की मी," तोच हसला. कंबर 102 सेंमी, पुरुषाची 90 च्या आत बरी. अशा मुलांच्या बाबतीत नुसत्या बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्या आकड्यावर, जाऊ नका, पायात स्नायू कमी असतात, आकडा बरा दिसतो अन् चरबी लपून राहते.

घरचं जेवण ठीकच होतं हो, पण गल्लीतलं जो तो "बिचारा" म्हणत हातावर काहीतरी ठेवणार, चहा-खारी दिवसातनं चार वेळा. मला ह्या बिचाऱ्याचा फार राग येतो. शिवाय फिटच्या गोळ्या चालू होत्या, त्यातल्या काहींनी वजन वाढतं, पण मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारा म्हटलं, त्यांनी थायरॉईडपण तपासलं.

फिजिओच्या सांगण्यावरनं सुताराकडनं गुळगुळीत फळी करून घेतली, तिच्यावरनं तो आता कमोडच्या खुर्चीवर सरकतो, आईनं नुसता आधार द्यायचा. खाण्याचं त्यानंच ठरवलं: खारी एकदाच, शेंगाचटणी एक चमचा, कडक भाकरी मात्र सोडणार नाही! डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं, 2020 ला अपंगांसाठीपण आठवड्याला 150 मिनिटं हालचाल सांगितलीय, ती पायानंच करा असं कुठंय, हा उन्हं उतरली की हातानं चाकं मारत गल्लीच्या टोकाला जाऊन येतो. सुरुवातीला पाच मिनिटांत दमायचा.

पाच महिन्यांनी परत त्याच दुकानात, खुर्चीसकट काटा 90 वर थांबला, म्हणजे पोरगा 72 किलो. दुकानदारानं नेहमीसारखा गुळाचा खडा पुढं केला तर हा म्हणतो, "काका, गूळ राहू द्या, नुसतं पाणी द्या."